दोन वाटाडे आणि एक मामा

पाडेगाव आलं आणि डॅशबोर्डवरच्या पडद्यातला बाण उसात शिरला. आम्ही चांगल्या रुंद रस्त्यावर होतो, गाडी साठच्या वेगानं चालली होती, पण गाडीच्या लेखी चाकांखाली रस्ताच नव्हता. पडद्यावर फिकट हिरवं मैदान, त्यातून सरकणारा निळा बाण आणि दर मिनिटाला एकच विनंती, शक्य असेल तिथून मागे वळा. एसीच्या जाळीला अडकवलेल्या फोनवर मात्र हाच रस्ता सरळ, निळाशार दिसत होता. फोनमधली बाई गप्प होती, कारण फलटणपर्यंत सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

“उसात तर उसात,” मामा म्हणाले. “पाडेगावचा ऊस हाय. साधासुधा न्हाय.”

खरंच साधासुधा नाही. नीरेच्या काठावरचं इथलं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं. को ८६०३२ हा वाण इथूनच शेतकऱ्यांच्या हाती आला आणि या नदीवरून त्याचं नाव ‘नीरा’ पडलं. पश्चिम महाराष्ट्रातला कुठलाही ऊसवाला हा आकडा स्वतःच्या मोबाइल नंबरसारखा म्हणून दाखवतो. तेव्हा गाडीला शेतात शिरायचंच होतं तर तिनं जागा तरी नामी निवडली.

मामा फलटण आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं, त्यामुळे त्यांच्या डोक्यात सगळा मुलूख टप्प्याटप्प्यानं लावलेला आहे. कुठल्याही गावाचं नाव काढा, ते आधी टप्पा सांगतात, मग फाटा, आणि मग तिथं कोण सुटे पैसे द्यायला खळखळ करायचं ते. आम्हाला जायचं होतं फलटणच्या पुढं, मोगराळे घाट चढून माण तालुक्यात, नात्यातल्या एकाच्या वस्तीवर. जागरण-गोंधळ होता. पत्ता म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक लोकेशन आलं होतं आणि खाली एवढंच: ‘डीपीपासून आत.’

या रस्त्याचं नाव ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग, राष्ट्रीय महामार्ग ९६५. चौपदरीकरणाचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं. त्यानंतर कुठं जुनाच रस्ता रुंद झाला, कुठं गावाला वळसा घालून नवा काढला गेला. जिथं जिथं नवा रस्ता जुन्याला सोडतो तिथं तिथं माझी गाडी शेतात जाते आणि नवा-जुना एक झाला की पुन्हा डांबरावर येते. तिचा दोष म्हणावा तर तो वयाचा. तिचा नकाशा बोटाच्या पेराएवढ्या एका एसडी कार्डावर आहे आणि ते कार्ड भरलं गेलं तेव्हा हा रस्ता कुणाच्या फायलीत असेल तेवढाच. नवं कार्ड मिळतं, पण त्यासाठी सर्व्हिस सेंटरला जायचं आणि ते सांगतील तेवढे पैसे मोजायचे. एवढ्या पैशात फलटणला चार वेळा जाऊन येता येतं.

गाडीत बसवलेला नकाशा ही गोष्ट मोबाइलवरच्या नकाशापेक्षा जुनी आहे, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं. होंडानं १९८१ मध्ये जपानात इलेक्ट्रो गायरोकेटर नावाचं यंत्र गाडीत बसवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा जीपीएसचे उपग्रह चाचणीपुरतेच वर होते. गाडी किती वळली ते गायरो सांगे, चाकं किती फिरली यावरून अंतर निघे, आणि छोट्या पडद्यावर पारदर्शक फिल्मवर छापलेला नकाशा लावायचा. फिल्मची हद्द संपली की गाडी थांबवून पुढची फिल्म घालायची. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एटॅक कंपनीनं हेच नकाशे कॅसेटवर आणले. जीपीएससकट, कारखान्यातूनच बसून आलेला नकाशा पहिल्यांदा दिसला तो माझदाच्या युनोस कॉस्मो या १९९० च्या गाडीत. आपल्याकडे दिल्लीच्या मॅपमायइंडियानं १९९० च्या दशकापासून नकाशे तयार केले आणि भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये पुढं तेच बसले. म्हणजे गूगलचा नकाशा फेब्रुवारी २००५ मध्ये आला, त्याआधी पाव शतक मोटारीनं स्वतःची वाट शोधायची खटपट चालवली होती.

पण माझ्या गाडीला ठिकाण सांगणं म्हणजे तहसील कचेरीत अर्ज भरणं. आधी राज्य निवडा, मग शहर, मग रस्ता. अक्षरं एकेक करून गोल बटण फिरवून. फलटणपर्यंत ती खुशीत आली. पुढं वस्ती, तीही डीपीपासून आत, यासाठी तिच्याकडे रकानाच नव्हता. फोनला मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या टिंबाला बोट लावलं की झालं. हल्ली आमच्याकडच्या लग्नपत्रिकांवरही कुलदैवताच्या ‘प्रसन्न’खाली क्यूआर छापलेला असतो. मंगल कार्यालय गावात असलं तरी.

लोणंदला कांद्याच्या पोत्यांनी लादलेल्या टेम्पोंमागं थोडा वेळ गेला. त्यानंतर तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब. ज्ञानेश्वरांच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण इथं होतं. वारकरी रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहतात आणि मधून अश्व दौडत जातात. मामांनी हात जोडले. मीही एक हात स्टिअरिंगवरून काढला. फोनवर ही जागा होती, फोटोंसह, आणि कुणीतरी तिला पाच तारेही दिले होते. गाडीच्या पडद्यावर एक पेट्रोल पंप.

या वाटेचा मूळ आराखडा कागदावरच्या नकाशाचा नाहीच. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी आजच्या पद्धतीचा पालखी सोहळा सुरू केला, अंकलीच्या शितोळे सरदारांनी अश्व दिले, आणि वाट ठरली ती मुक्कामांनी: लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, मग सोलापूर जिल्ह्यात नातेपुते. पालखी कुठं आहे हे विचारायला इथं कधी कुणाला उपग्रह लागला नाही. तिथी विचारायची. ज्येष्ठ-आषाढात मामा पंचांगाकडे बघून सांगत, आज आपली साडेदहाची गाडी काळजच्या पुढं जाणार न्हाय. आणि ती जात नसे. या दिवसांत प्रशासन वाहतूक आदर्की, वाठारमार्गे वळवतं. ते वर्तमानपत्रात आधी छापून येतं. माझ्या गाडीनं वर्तमानपत्र वाचलेलं नाही, त्यामुळे ती ऐन वारीतही माणसाला लोणंदवरूनच नेणार.

आणि फोन? फोन गर्दीवरून शिकतो. रस्त्यावरचे बाकीचे फोन किती वेगानं सरकतात हे पाहून तो रस्त्याला हिरवा, केशरी, लाल रंग देतो. २०२० मध्ये बर्लिनमधल्या सायमन वेकर्ट नावाच्या कलावंतानं ९९ जुने फोन एका छोट्या हातगाडीत भरले आणि ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लालभडक झाला. ही बातमी वाचली तेव्हा मला वारीच आठवली होती. हातगाडीत ९९ आणि इथं लाखो माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या खिशात फोन, सगळे पायी, अभंगाच्या लयीत. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, “मग बरोबरच हाय की. तेवढे दिवस त्यो रस्ता लालच समजायचा.” बर्लिनमध्ये जी फसवणूक होती ती फलटणात सरळ सत्य ठरते. फोनच्या बाजूनं हा एक गुण मी मांडून ठेवला.

त्या दिवशी वारी नव्हती, पण गळिताचा हंगाम होता. वडजलच्या आसपास उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन्ही अंगांना लोंबणारा ऊस, मागचा लाल दिवा नाही. फोननं पुढच्या रस्त्यावर बोटभर केशरी पट्टी काढली आणि चार मिनिटं उशीर होईल म्हणून कळवलं. तेवढाच झाला. गाडीची बाई बोलली असती तर म्हणाली असती, सरळ चला. सरळच जात होतो, ट्रॅक्टरच्या मागून.

फलटण जवळ आलं तसं गाडीच्या पडद्यावर विमानाचं चिन्ह उगवलं. मी मामांना दाखवलं. “हाय की इमानतळ,” ते म्हणाले, “माउलींचा मुक्काम तिथंच असतो.” संस्थानी काळातली धावपट्टी, नावाला विमानतळ, आणि आषाढातल्या मुक्कामाला तिथं तंबूंचं गाव उभं राहतं. कार्ड भरणाऱ्या कुणीतरी मुंबईच्या आणि फलटणच्या विमानतळाला एकाच मापाचं चिन्ह दिलं होतं. फलटणकरांनी त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. तसंही वाहनांच्या बाबतीत हे गाव मागं नाही. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकात विजेवर चालणाऱ्या रिक्षेवर काम करत होते. दिल्लीच्या रस्त्यांवर ई-रिक्षांचा सुळसुळाट व्हायच्या कितीतरी आधी.

वाटेत रामाचं दर्शन घ्यायचं होतं. श्रीराम मंदिर, त्याला लागून नाईक निंबाळकरांचा मुधोजी मनमोहन राजवाडा, आणि तिथून हाकेच्या अंतरावर जबरेश्वराचं जुनं दगडी देऊळ. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई या घराण्यातल्या, त्यामुळे फलटणमध्ये इतिहास सांगायला कुणाला वेगळा गाइड लागत नाही, चहावालाही सांगतो. इथं दोन्ही नकाशांची खरी परीक्षा झाली. फोननं सांगितलं, डावीकडे वळा, दोन मिनिटं वाचतील. डावीकडे एक बोळ होता. तोंडाशी दोन स्कूटी, मध्ये एक गाय, आणि पुढं कुणाच्या तरी घराची पायरी रस्त्यात आलेली. फोनच्या लेखी तोही रस्ताच. २०२४ मध्ये गूगलनं भारतात अरुंद रस्त्याची आगाऊ सूचना द्यायला सुरुवात केली खरी, पण पहिल्या यादीत इंदूर, भोपाळ, गुवाहाटी असली शहरं होती. फलटणच्या पेठेचा नंबर लागायला वेळ आहे.

गाडीच्या नकाशाला तो बोळ माहीतच नव्हता. त्याला फलटणातले पाच-सहा मोठे रस्ते ठाऊक, त्यामुळे तो बिचारा मोठ्या रस्त्यानंच न्यायला निघाला, आणि तेच बरोबर होतं. अज्ञानाचा असाही फायदा असतो. या गावात माझ्या आकाराच्या गाडीला जेवढे रस्ते पुरेसे आहेत, नेमके तेवढेच त्याला येत होते. तेव्हा शहरात शिरताना फोन आणि गावाबाहेर गाडी, असा जो सल्ला मला पुण्यात मिळाला होता, तो फलटणात उलटा निघाला. इथं बाहेरचा रस्ता नवा आणि आतला शेकडो वर्षांचा. जुन्या कार्डाला जुनं गाव बरं जमतं.

दर्शन घेऊन कोळकीच्या दिशेनं निघालो. आता सूत्रं मामांकडे होती. “मोठा माळ लागंल, तिथनं दहिवडीचा रस्ता.” माळ काही लागेना. बंगले लागले, अपार्टमेंट लागली, जिम लागली, एका इमारतीवर तर एमपीएससीच्या क्लासचा बोर्ड. मामा खिडकीतून बघत राहिले. त्यांच्या डोक्यातला नकाशाही कारखान्यातूनच बसून आलेला. निवृत्तीनंतर त्याचं कार्ड बदललेलं नाही. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. फोन म्हणाला, सरळ. मामा म्हणाले, “तेच म्हणतोय मी.”

दुधेबावी मागं पडली आणि डोंगर समोर आला. फलटणची बाजू कालव्याच्या पाण्यावरची, हिरवी. मोगराळे घाट चढून वर गेलं की माण, तिथं शाळू, हरभरा आणि मेंढरं. एका घाटात पाण्याचा असा फरक क्वचित बघायला मिळतो. घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर फोनची रेंज गेली. मामा एकदम खूश झाले. पण बाण चालतच राहिला, तेव्हा त्यांना नवल वाटलं. बऱ्याच जणांना वाटतं. जीपीएसला मोबाइलचा टॉवर लागतच नाही. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून उपग्रह वेळ सांगत फिरत असतात आणि फोन ती नुसती ऐकतो. निदान चार उपग्रहांचा आवाज आला की हिशेब करून स्वतःची जागा काढतो. मे २००० पर्यंत अमेरिका हा संदेश सामान्यांसाठी मुद्दाम बिघडवून सोडत असे, शंभरेक मीटरची चूक सहज पडायची. घाटात शंभर मीटर म्हणजे वरचं वळण की खालचं, हेच कळलं नसतं. आता आपलेही नाविकचे उपग्रह आहेत. सातांचा संच २०१६ मध्ये पुरा झाला.

रेंज लागते ती नकाशाच्या चित्रासाठी आणि नवी वाट काढण्यासाठी. एकदा निघताना काढलेली वाट फोनजवळ असते. ती सोडली की तो मुका. म्हणून माणसानं घरच्या वायफायवरच तालुक्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, फुकट आहे. मी फलटण, माण आणि खटाव उतरवून घेतले होते. गाडीच्या नकाशाला ही चिंताच नाही, त्याचं सगळं कार्डावर. शिवाय त्याला चाकं किती फिरली हे आतून कळतं, होंडाच्या त्या पहिल्या यंत्रासारखंच. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात फोनचा बाण कधीकधी गोंधळतो. गाडीचा बाण मात्र अंधारातही वळण धरून चालतो.

घाटमाथ्यावरून पुढं डांबर सोडायची वेळ आली. फोननं उजवीकडे एक वाट दाखवली, शाळवाच्या दोन रानांमधून. गाडीच्या पडद्यावर त्या भागात एकच रेघ, बाकी कोरं. वाट अशी होती की मधोमध एकच चाकोरी, दोन नव्हत्या. “ही मोटरसायकलची हाय,” मामा म्हणाले. २०१७ मध्ये गूगलनं भारतासाठी दुचाकीचा वेगळा पर्याय आणला, पण तो निवडायचा कंटाळा करणारे आणि मोटरसायकलवरही मोटारीचाच नकाशा लावणारे आपल्याकडे कमी नाहीत. अशा एखाद्याच्या चाकावरून फोननं वाट शिकली असावी, असा मला दाट संशय. मेंढरं घेऊन एक आजोबा उभे होते. मामांनी काच खाली केली.

“गाडी जाईल का हो हितनं?”

“जाईल की,” आजोबा म्हणाले. गाडीच्या पोटाकडे त्यांनी वाकून पाहिलं. “परत येणार न्हाय.”

अशा ठिकाणी हसून पुढं जाता येतं. सगळीकडे येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यात कोतूळजवळ रात्री नकाशा बघत निघालेली गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. पूल पाण्याखाली होता. धरण भरलं की तो जातो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळली, तिघे गेले. या दोन्ही वेळी बोट फोनवरच्या नकाशाकडे दाखवलं गेलं, पण कार्डावरचा असता तर त्यानं वाचवलं असतं असं मला वाटत नाही. त्याच्याकडे पूल तरी कोरड्या नदीवर काढलेला असता. ऋतू दोघांनाही येत नाहीत. आणि पूल तुटला असेल तर रस्त्यावर आडवा बांध घालायचा असतो, ते काम नकाशाचं नव्हेच.

आम्ही जिल्हा परिषदेच्या रस्त्यानं वळसा घातला. विजेची डीपी सापडली. ती पाहून मामांना हुरूप आला, कारण डीपीपासून आत म्हणजे काय हे फक्त त्यांनाच कळलं होतं: डीपीपासून जिकडे तारा जातात तिकडे. वस्ती एकच, तार एकच. टिंब दाखवत होतं त्याच्यापासून घर दीडशे पावलं लांब निघालं. लोकेशन पाठवणारा तेव्हा विहिरीवर उभा होता, रेंज तिथंच येते म्हणून.

रात्री मांडवात गोंधळ्यांनी संबळ लावून सूर धरायच्या आधी पुरुषमंडळींत मोटारींचा विषय निघालाच. वस्तीवरच्या एका भाच्याला नवी गाडी घ्यायची होती. “दादा, नॅव्हिगेशनवालं वरचं मॉडेल घेऊ का? लाखभर जास्त पडतात.” मी म्हणालो, त्यासाठी घेऊ नको. आता साध्या मॉडेललाही फोन जोडता येतो. अ‍ॅपलचं कारप्ले २०१४ पासून आणि गूगलचं अँड्रॉइड ऑटो त्याच्या मागोमाग आलं. फोनचाच नकाशा मोठ्या पडद्यावर दिसतो. चांगली केबल घे, तालुके उतरवून ठेव. विजेवरची गाडी घेणार असलास तर गोष्ट वेगळी. तिचा स्वतःचा नकाशा बॅटरीत किती उरलंय ते बघून चार्जिंग कुठं करायचं ते ठरवतो, मोगराळ्याची चढण किती खाईल तेही धरतो, आणि बाहेरच्या फोनला गाडीच्या पोटातलं एवढं कळत नाही. शिवाय पोलस्टार, व्हॉल्वोवाल्यांनी तर गूगलचाच नकाशा गाडीत कायमचा बसवून दिलाय, म्हणजे हे भांडण पुढं उरेल की नाही, कुणास ठाऊक.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मामांनीही माझ्या बाजूनं मान हलवली आणि वर स्वतःची भर घातली, “लाखाचं डिझेल किती येतं बघ.” भाच्यानं मनात हिशेब केला, पटल्यासारखं केलं, आणि पाडव्याला वरचंच मॉडेल घेतलं. सनरूफ त्याच्याखाली मिळत नाही.